घरचा हमस मऊसूत कसा होतो

घरी केलेला हमस, म्हणजे चणे आणि तीळ यांचे मऊ अरबी वाटण, खरबरीत झाला की त्याचे खापर बहुधा मिक्सरवर फुटते. पाती बोथट झाली असतील, भांडे फार मोठे असेल, परदेशातल्यासारखे यंत्र आपल्याकडे नाही, अशी कारणे दिली जातात आणि पुढच्या खेपेला तसेच चणे आणखी पाच मिनिटे फिरवले जातात. त्याने फारसा फरक पडत नाही, कारण हमसचा मऊपणा मिक्सर सुरू होण्याच्या कितीतरी आधी, चणे भिजताना आणि शिजताना, ठरून गेलेला असतो. पुरण करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. हरभऱ्याची डाळ पूर्ण शिजली नसेल तर यंत्रातून कितीही वेळा काढली तरी पुरणात कणी राहते, आणि शिजलेली डाळ गार होऊ दिली तर ती घट्ट बसून वाटायला जड जाते, हा अनुभव आपल्या स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. काबुली चणा हा हरभऱ्याचाच एक प्रकार असल्यामुळे हमसचे निम्मे शास्त्र पुरणामुळे आपल्याला आधीच ठाऊक आहे. उरलेले निम्मे तिळाचे आहे, आणि ते आपल्या ओळखीच्या तिळकुटापेक्षा अगदी वेगळ्या वाटेने जाते.

अरबी भाषेत ‘हुम्मुस’ या शब्दाचा अर्थच चणा असा होतो. आपण ज्याला हमस म्हणतो त्या पदार्थाचे पूर्ण नाव ‘हुम्मुस बि-तहीना’, म्हणजे ताहिनी, अर्थात तिळाचे वाहते वाटण, घातलेले चणे. आणि ‘तहीना’ हा शब्द दळणे या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. दोन्ही मुख्य जिन्नस नावातच असल्यामुळे ताहिनीशिवाय केलेल्या चण्याच्या वाटणाला हमस म्हणणे मला पटत नाही. शेंगदाण्याचा कूट किंवा काजू घालून केलेला प्रकार चवीला चांगला लागेलही, पण तो दुसरा पदार्थ आहे. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन, जॉर्डन आणि इस्राएल हा हमसचा मूळ प्रदेश. मध्ययुगीन कैरोतल्या अरबी पाकपुस्तकांत उकडून वाटलेल्या चण्यांचे थंड पदार्थ आढळतात; त्यांत व्हिनेगर, मुरवलेले लिंबू, मसाले आणि सुगंधी पाला असे. आज हा पदार्थ कोणाचा यावरून त्या प्रदेशात तीव्र भावना आहेत. २०१० साली लेबनॉनने विश्वविक्रमासाठी एकाच थाळीत १०,४५२ किलो हमस केला, आणि हा आकडा देशाच्या १०,४५२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळावरून मुद्दाम निवडला होता, एवढ्यावरून ती तीव्रता लक्षात यावी.

आता चण्याकडे वळू. हमससाठी काबुली चणेच घ्यावेत. देशी हरभऱ्याची साल जाड, रंगीत आणि चिवट असते, तर काबुलीची पातळ आणि फिकट असते. आपल्या बाजारात टपोऱ्या काबुलीला डॉलर चणा म्हणतात आणि त्याला भावही जास्त मिळतो, परंतु हमससाठी टपोरेपणाचा काही उपयोग नाही. तिकडचे अनेक हमसवाले मुद्दाम बारीक दाण्याचे चणे वापरतात. दाण्याच्या आकारापेक्षा त्याचे वय फार महत्त्वाचे आहे. आपल्याकडे रब्बीचा हरभरा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला मिळणारे चणे लवकर शिजतात आणि एक पावसाळा डब्यात काढलेले चणे तासन्‌तास दाद देत नाहीत. मी स्वतः एकदा असे जुने चणे दोन तास शिजवले होते. ते बोटांनी चेपले जात होते, पण जिभेवर बारीक वाळूसारखे लागत राहिले आणि कितीही फिरवूनही ती वाळू गेली नाही.

असे का होते हे समजून घेतले की पुढची सगळी कृती आपोआप उलगडते. चण्याचा दाणा असंख्य सूक्ष्म पेशींचा बनलेला असतो आणि या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पदार्थ म्हणजे पेक्टिन. पेरूची जेली घट्ट बसते ती याच पेक्टिनमुळे. दाणा शिजतो तेव्हा पेशींमधले पेक्टिन विरघळते आणि पेशी सुट्या होतात. त्या पूर्ण सुट्या झाल्या तर वाटण लोण्यासारखे लागते, आणि काही पेशी गठ्ठ्यांनी एकत्र राहिल्या तर तेच गठ्ठे आपल्याला कणी म्हणून जाणवतात. मिक्सरची पाती या गठ्ठ्यांचे आणखी लहान गठ्ठे करू शकतात, मात्र न विरघळलेले पेक्टिन ती विरघळवू शकत नाहीत. पेक्टिनच्या लांब साखळ्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकमेकींत सांधून ठेवतात, त्यामुळे ही खनिजे जितकी जास्त तितका दाणा चिवट. उष्ण आणि दमट हवेत साठवण लांबली की दाण्याच्या आतच अशी खनिजे मोकळी होतात आणि पेक्टिनला अधिक घट्ट बांधतात. आपला पावसाळा नेमकी हीच परिस्थिती निर्माण करतो.

खनिजे पाण्यातूनही येतात. बोअरवेलच्या जड पाण्यात, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या दुष्फेन पाण्यात, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतात, आणि अशा पाण्यात डाळ शिजत नाही ही तक्रार जिथे बोअरवेलवर भिस्त आहे अशा कित्येक गावांना परिचित आहे. ज्या घरी नळाने जड पाणी येते त्यांनी चणे भिजवायला आणि शिजवायला पिण्याचे शुद्ध केलेले पाणी वापरावे. हा खर्च मिक्सरवर करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

यावरचा दुसरा उपाय प्रत्येक स्वयंपाकघरात आहे, तो म्हणजे खाण्याचा सोडा. छोले करताना चिमूटभर सोडा टाकण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. हमसमध्ये त्याला अधिक मोठे काम असते. सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी होते आणि अशा पाण्यात पेक्टिनच्या साखळ्या लवकर तुटतात. शिवाय सोड्यातले सोडियम पेक्टिनमधल्या कॅल्शियमची जागा घेते, त्यामुळे सांधे सैल होतात. याच कारणासाठी चणे शिजत असताना लिंबू, चिंच किंवा टोमॅटो यांतले काहीही आत पडू देऊ नये, कारण आंबट पाण्यात पेक्टिन टिकून राहते आणि दाणा जसाच्या तसा घट्ट राहतो. सोड्याचा एक तोटाही आहे: ब-१ जीवनसत्त्वाचा काही भाग त्याने नष्ट होतो, आणि प्रमाण वाढले तर साबणासारखी चव येते. म्हणून तो मोजूनच घालावा. रोजच्या उसळीत मी सोडा घालत नाही. हमस अधूनमधून होतो आणि तिथे त्याच्यावाचून मनासारखा परिणाम मिळत नाही, म्हणून एवढी तडजोड मला मान्य आहे.

प्रत्यक्ष कृती अशी. पाव किलो काबुली चणे निवडून, धुऊन सव्वा लिटर पाण्यात अर्धा चहाचा चमचा, म्हणजे साधारण २ ग्रॅम, खाण्याचा सोडा घालून रात्रभर किंवा निदान १० तास भिजवावेत. उन्हाळ्यात भांडे शीतकपाटात ठेवावे, नाहीतर पाणी आंबू लागते. सकाळपर्यंत चण्यांचे वजन जवळजवळ दुप्पट होते. त्यात काही दाणे मुळीच न फुगलेले, टणक असे आढळले तर ते गणंग होत. त्यांच्या सालीतून पाणी आतच शिरलेले नसते, ते कितीही शिजवले तरी मऊ होत नाहीत आणि एकच गणंग सगळ्या वाटणात खडे घालायला पुरेसा असतो, म्हणून ते वेचून टाकावेत. भिजवलेले पाणी ओतून द्यावे, चणे दोनदा धुवावेत आणि ताज्या पाण्यात पुन्हा अर्धा चमचा सोडा घालून शिजायला ठेवावेत.

उघड्या पातेल्यात शिजवले तर दाण्याच्या वयाप्रमाणे ४० मिनिटांपासून दीड तासापर्यंत वेळ लागतो. वर पांढरा फेस येत राहतो, तो झाऱ्याने काढावा, आणि त्याबरोबर तरंगणाऱ्या सालीही निघतात. कुकर वापरायचा असेल तर तो निम्म्यापेक्षा जास्त भरू नये, कारण सोड्यामुळे फेस वाढतो आणि सुटलेली साल वाफेच्या नळीत अडकू शकते. एक शिट्टी झाल्यावर आच मंद करून वीसेक मिनिटे ठेवावे आणि वाफ आपली आपण जिरू द्यावी. माझा कल पातेल्याकडे आहे, कारण मधूनमधून दाणा काढून पाहता येतो आणि हमसमध्ये नेमका तोच निर्णय महत्त्वाचा असतो.

हा निर्णय म्हणजे कुठे थांबायचे. उसळीसाठी चणे बोटचेपे झाले की आपण गॅस बंद करतो, कारण उसळीत दाणा अख्खा दिसावा लागतो. हमससाठी ही अवस्था पुरेशी नाही. दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून अगदी हलके दाबला असता त्याचा लगदा व्हावा आणि तो लगदा बोटांवर पसरताना कुठेही कण लागू नये. जीभ टाळूला टेकवून दाबले तरी दाणा विरघळला पाहिजे. पातेल्यातले काही चणे स्वतःहून फुटलेले दिसतील, पाणी दाट होईल, आणि उसळ करणाऱ्या डोळ्याला ते जास्त शिजले असे वाटेल. तसे वाटू लागल्यावर आणखी दहा मिनिटे शिजू द्यावे. अपुरे शिजलेले चणे ही घरच्या हमसची सर्वांत मोठी चूक आहे आणि ती पुढे कोणत्याही युक्तीने दुरुस्त होत नाही, म्हणून इथे घाई करू नये असे मी आग्रहाने सांगेन.

परदेशात राहणाऱ्यांना डब्यातले शिजवलेले चणे सहज मिळतात. ते सॅलडमध्ये अख्खे राहावेत इतपतच शिजवलेले असतात, तेव्हा डबा उघडून थेट मिक्सरमध्ये टाकले तर हमस खरबरीत होणारच. ते धुऊन, ताज्या पाण्यात पाव चमचा सोडा घालून वीस मिनिटे उकळले की तेही बोटात विरघळण्याइतके मऊ होतात.

सालीचे काय करायचे यावर दोन मते आहेत. साल ही चिवट तंतूंची बनलेली असते आणि ती पूर्ण विरघळत नाही; तिचे बारीक तुकडे हमसमध्ये राहिले तर गुळगुळीतपणा थोडा कमी होतो. काही जण एकेक दाणा सोलतात. ज्या घरांत बिरड्याचे वाल सोलून डाळिंब्यांची उसळ होते तिथे हे काम अवघड वाटायचे कारण नाही, आणि चार माणसे गप्पा मारत बसली तर ते पटकन होतेही. तरी मला त्याची गरज वाटत नाही, कारण सोड्यात नीट शिजलेल्या चण्यांच्या निम्म्याअधिक साली आपोआप सुटतात. शिजलेल्या चण्यांवर मोठ्या भांड्यात भरपूर पाणी ओतून हलक्या हाताने चोळले की साली वर येतात आणि पाण्याबरोबर ओतून देता येतात. त्यातूनही साल नकोच असेल तर पुरणयंत्र काढावे. मऊ चणे बारीक जाळीच्या पुरणयंत्रातून गरम असतानाच फिरवले की गर खाली पडतो आणि साल वर राहते. इतके नेमके साधन हाताशी असताना ते फक्त होळीला आणि पोळ्याला बाहेर काढावे, हे मला खरोखर वाईट वाटते.

वाटण्याचे काम चणे गरम असतानाच उरकावे. चण्यात पिठूळ अंश, म्हणजे स्टार्च, भरपूर असतो. शिजताना तो पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो, पण गार होताना त्याचे रेणू पुन्हा जवळजवळ येऊन घट्ट बसू लागतात. शिळा भात कडक होतो तो याच क्रियेने. गरम दाण्यात स्टार्च सैल असल्यामुळे वाटण एकजीव होते. म्हणून पाणी निथळून काढलेले चणे कोमटाहून अधिक गरम असताना मिक्सरच्या भांड्यात घालावेत. मात्र बंद भांड्यात वाफ कोंडून झाकण उडू शकते, तेव्हा भांडे अर्ध्यापेक्षा कमी भरावे, झाकणावरची छोटी टोपी काढून तिथे स्वच्छ फडके धरावे आणि मिक्सर थांबवत थांबवत फिरवावा. या टप्प्यावर चण्यांशिवाय दुसरे काहीही घालू नये. पाती फिरेनाशी झाली तर दोन-तीन चमचे गरम पाणी पुरते. आधीच ताहिनी आणि भरपूर पाणी घातले तर दाणे पातळ द्रवात नुसते गरगर फिरत राहतात आणि पात्यांखाली येत नाहीत. घट्ट लगदा मात्र पात्यांवर नीट रगडला जातो. आपले मिक्सरचे छोटे, चटणीचे भांडे या कामाला उत्तम असते, कारण त्यात थोडा माल पात्यांच्या अगदी जवळ राहतो. सगळे चणे एकदम न घालता दोन-तीन खेपांत वाटावेत.

आता ताहिनी. बाजारात तयार मिळते ती चालते, पण बरणी उघडल्यावर वर आलेले तेल आणि तळाशी बसलेला घट्ट थर नीट एकत्र करून मगच मोजावी, नाहीतर पहिल्या हमसमध्ये फक्त तेल आणि शेवटच्यात फक्त चोथा जातो. घरी करायची असेल तर सालीसकट गावरान तीळ न घेता पांढरेशुभ्र पॉलिशचे, म्हणजे साल काढलेले, तीळ घ्यावेत, कारण तिळाचा कडवटपणा मुख्यतः सालीत असतो. दोनशे ग्रॅम तीळ मंद आचेवर चार-पाच मिनिटे, सतत हलवत, फक्त गरम होऊन खमंग वास सुटेपर्यंतच भाजावेत. संक्रांतीच्या लाडवांसाठी भाजतो तसा तांबूस रंग येऊ देऊ नये. त्या खमंगपणापुढे चण्याची सौम्य चव टिकत नाही. तीळ कोमट असताना चटणीच्या भांड्यात फिरवावेत. प्रथम कूट होईल, मग तो भांड्याच्या कडांना चिकटून गोळा होईल, आणि इथेच बहुतेक जण थांबतात. कडा खरवडून, मिक्सरला दम देऊन पुन्हा पुन्हा फिरवत राहावे. तिळात जवळजवळ निम्मे तेल असते. ते सुटू लागले की गोळा सैल होतो आणि शेवटी धिरड्याच्या पिठासारखा वाहू लागतो. लागलेच तर दोन चमचे सौम्य वासाचे तेल घालावे. ही ताहिनी झाकणबंद बरणीत शीतकपाटात कित्येक आठवडे टिकते.

ताहिनीत लिंबाचा रस किंवा पाणी घातल्यावर जे घडते ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला घाबरवते. वाहती ताहिनी पातळ होण्याऐवजी एकाएकी घट्ट, रवाळ आणि काळपट होते, चमचा फिरवणे कठीण जाते, आणि सगळे फुकट गेले असे वाटून अनेक जण त्यात तेल ओततात. खरे तर त्या क्षणी आणखी पाणी घालायचे असते. हा बदल समजायला आपले ताक घुसळणे आठवावे. दह्यात किंवा सायीत स्निग्धांशाचे थेंब पाण्यात तरंगत असतात. घुसळताना ते थेंब एकमेकांना चिकटत जातात आणि शेवटी लोण्याचा गोळा निघतो, ज्यात उलट स्निग्धांशामध्ये पाण्याचे बारीक थेंब अडकलेले असतात. ताहिनीचा प्रवास याच्या नेमका उलट्या दिशेने होतो. सुरुवातीला तिळाचे बारीक कण तेलात पोहत असतात. थोडे पाणी पडले की ते कण पाणी शोषून एकमेकांना चिकटतात, म्हणून मिश्रण आळते. पाणी पुरेसे झाले की तेलाचे छोटे छोटे थेंब होऊन पाण्यात पसरतात आणि तिळातली प्रथिने त्या थेंबांभोवती आवरण धरून त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाहीत. शास्त्रीय भाषेत अशा मिश्रणाला पायस म्हणतात. या सूक्ष्म थेंबांवरून प्रकाश सगळीकडे विखुरतो, त्यामुळे तपकिरी ताहिनी डोळ्यांदेखत पांढुरकी, हलकी आणि फेटलेल्या सायीसारखी होते. दूध पांढरे दिसते तेही मुख्यतः अशाच कारणाने. हमसला येणारा मलईदारपणा हा या पायसाचा असतो. चणे त्याला अंग देतात.

म्हणून ताहिनी थेट चण्यात न घालता आधी वेगळ्या वाडग्यात तिचे हे रूपांतर करून घ्यावे असे माझे मत आहे. तिथे ते दिसते, कळते आणि हाताशी राहते. त्यासाठी लागणाऱ्या लसणीचा कडवट उग्रपणा आधी ताब्यात ठेवावा लागतो. लसूण ठेचली की तिच्या पेशी फुटतात आणि तोवर वेगवेगळी असलेली दोन द्रव्ये एकत्र येऊन तो झणझणीत वास तयार होतो; हे घडवून आणणारे विकर आंबट रसात निकामी होते. त्यामुळे लसूण कोरडी ठेचून ठेवण्याऐवजी थेट लिंबाच्या रसात ठेचली तर चव येते आणि उग्रपणा वाढत नाही. आपल्या लसणीच्या चार बारीक पाकळ्या, तीन टेबलचमचे लिंबाचा रस आणि सव्वा चहाचा चमचा मीठ एकत्र वाटून दहा मिनिटे ठेवावे आणि गाळून घ्यावे. आपले कागदी लिंबू तिकडच्या मोठ्या पिवळ्या लिंबापेक्षा लहान आणि वासाला तीक्ष्ण असते, तेव्हा परदेशी कृतीत ‘दोन लिंबे’ असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ लावत बसण्यापेक्षा रस मोजून घेणे बरे.

गाळलेला रस दीडशे ग्रॅम ताहिनीत घालून ढवळावे. ती आळेल. मग बर्फाचे थंड पाणी एकेक टेबलचमचा घालत, दर वेळी जोरात फेटत जावे. पाच-सहा चमच्यांनंतर ती सैल आणि पांढुरकी होऊ लागेल. हे मिश्रण वाटलेल्या चण्यांत घालून, चिमूटभर जिरेपूड टाकून, मिक्सर मध्ये मध्ये थांबवत तीन-चार मिनिटे फिरवावे. थंड पाण्याचा उपयोग असा की इतका वेळ फिरल्यावर भांडे तापत नाही. शेवटी चव पाहून मीठ आणि रस वाढवावा आणि पाणी घालून हमस थालीपिठाच्या पिठापेक्षा सैल, दह्याच्या चक्क्यापेक्षाही थोडा सैल ठेवावा. अर्ध्या तासात स्टार्च आपले काम करतो आणि तो आळतो, म्हणून भांड्यातून काढताना किंचित पातळ वाटणारा हमसच ताटात बरोबर येतो.

ऑलिव्ह तेल वाटताना घालू नये. पूर्वेकडच्या भूमध्य प्रदेशातल्या पारंपरिक पद्धतीत ते वरून येते, आणि त्याला व्यावहारिक कारणही आहे: चांगल्या कच्च्या ऑलिव्ह तेलाला वेगाने फिरणाऱ्या पात्यांखाली कडवटपणा येऊ शकतो. आपल्याकडे ताहिनी वाचवून तिच्या जागी अर्धी वाटी तेल घालणाऱ्या कृती फार पसरल्या आहेत. त्या हमसला तेलकट करतात, मलईदार करत नाहीत, कारण तेलाला पाण्यात धरून ठेवणारे तिळाचे कण आणि प्रथिने तिथे नसतात.

एवढे करूनही हमस बिघडला तर बहुधा कारण चवीवरून सापडते. जिभेवर कण लागत असतील तर चणे कमी शिजले होते, आणि तो हमस पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढणे एवढाच मार्ग उरतो. घशाशी कडवटपणा येत असेल तर तीळ जास्त भाजले गेले किंवा ताहिनी जुनी होती. त्यावर इलाज नाही. घट्ट, पिठूळ, तोंडात बसणारा हमस मात्र सहज सुधारतो: दोन चमचे थंड पाणी आणि एक चमचा ताहिनी घालून पुन्हा फेटावा. साबणासारखी चव म्हणजे सोडा जास्त झाला किंवा चणे नीट धुतले गेले नाहीत. लिंबाच्या रसाने ती थोडी झाकली जाते.

वाढायची पद्धतही त्या प्रदेशाचीच ठेवावी. उथळ ताटलीत हमस पसरून चमच्याच्या पाठीने गोल फिरवत मध्ये खोलगट आळे करावे, त्यात ऑलिव्ह तेल सोडावे, मूठभर अख्खे मऊ चणे ठेवावेत, वर लाल तिखटाऐवजी सौम्य पाप्रिका किंवा जिरेपूड आणि चिरलेली पार्स्ली घालावी. जेरुसलेम, अक्को, दमास्कस अशा शहरांत हमस हा सकाळचा पोटभरीचा नाश्ता असतो. तो कोमट खातात, सोबत गरम खुब्ज, म्हणजे तिकडची चपटी रोटी, कच्चा कांदा आणि खारवलेली काकडी असते, आणि पातेले रिकामे झाले की दुपारीच दुकान बंद होते. कोकणातून तिकडे गेलेल्या आणि घरात मराठी जपलेल्या बेने इस्राएल कुटुंबांना, तसेच दुबई-मस्कतमध्ये नोकरीसाठी राहिलेल्या मराठी माणसांना ही न्याहारी चांगलीच परिचित आहे. आपल्याकडे खुब्जच्या जागी गरम ज्वारीची भाकरी घेतली तर ती फार चांगली लागते, कारण तिची किंचित गोडसर चव ताहिनीला मिळती आहे.

वर दिलेल्या प्रमाणात साधारण ८०० ते ९०० ग्रॅम हमस होतो, सहा ते आठ माणसांना तो पुरतो. उरलेला हमस झाकणबंद डब्यात, वर तेलाचा पातळ थर देऊन शीतकपाटात ठेवला तर तीन-चार दिवस चांगला राहतो. आपल्या हवेत तो दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. खायच्या आधी अर्धा तास काढून, चमचाभर कोमट पाणी घालून हाताने फेटला की आळलेला हमस पुन्हा सैल आणि मऊसूत होतो.